पोर्टर, पंच आणि पोटली

गेल्या दिवाळीनंतर पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. तिथे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा बिअरचा घोट घेतला. हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळला, कारण आमच्या घरी दिवाळी अंक मोठ्याने वाचला जातो आणि ऐकणाऱ्यांत माझ्या सुनाही असतात. पण ज्या विषयावर लिहायचं योजलं आहे तो या घोटापासूनच सुरू होतो. तेव्हा ते आधी सांगून मोकळा होतो.

मी पांडेसऱ्याचा. मूळ नवापूर तालुक्यातला. १९८१ साली ताप्ती लाईनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरलो आणि पांडेसऱ्याच्या जीआयडीसीतच मुरलो. साड्यांच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये हेल्पर म्हणून लागलो, कलर मास्टर होऊन निवृत्त झालो. माझा थोरला भाऊ माझ्याही आधी इथे आलेला. तो १९९६ साली गेला, वय बेचाळीस. तो पोटली प्यायचा. आई माळकरी. भावाच्या तेराव्याला तिने माझा हात ओढून स्वतःच्या माळेवर ठेवला. ती काही बोलली नाही, मीही काही बोललो नाही, पण शपथ झाली. सगळी नोकरी मी त्या शपथेत काढली.

भाच्याला हे ठाऊक होतं. तो पुण्यात एका ब्रुअरीत काम करतो. बिअर गाळतो, असं आमच्याकडे म्हणतात, पण बिअर गाळत नाहीत, आंबवतात, हे त्याने मला पहिल्याच संध्याकाळी समजावलं. थंडीसाठी खास केलेली, मसाला घातलेली काळी बिअर त्याने टाकीतून छोट्या ग्लासात काढून आणली.

"मामा, तुमची शपथ मला माहीत आहे. पिऊ नका, नुसती चाखा."

"पिणं आणि चाखणं यात काय फरक रे?"

"तेच दाखवायचंय. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग एक घोट तोंडात धरा."

रंग बघायला मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ग्लास दिव्यासमोर धरला. लांबून काळा वाटणारा तो द्रव काळा नव्हताच. कडेला लालसर झाक होती. कपड्यावर गडद चॉकलेटी चढवताना शेवटच्या डिपला जी येते, अगदी ती. मग वास घेतला आणि चकितच झालो. दारूचा म्हणून जो वास मी पांडेसऱ्याच्या गल्ल्यांमध्ये ओळखत आलो, तो यात नव्हता. भाजलेल्या धान्याचा वास होता, त्याच्यामागे दालचिनी, लवंग, करंजीच्या सारणातलं जायफळ, आणि तळाशी काकवीसारखं काहीतरी. घोट जिभेवर धरला. आधी गोडसर लागला, मग मसाला, मग छातीत ऊब, आणि सगळ्यात शेवटी कडू. ते कडूपण बराच वेळ राहिलं. आईच्या सर्दीच्या काढ्याची आठवण झाली. भाच्याने सांगितलं की साध्या बिअरपेक्षा ही बरीच जहाल आहे. आपल्याकडच्या नियमांत पाच टक्क्यांवरची बिअर स्ट्राँग समजतात आणि आठ टक्के ही तिची हद्द, आणि ही त्या हद्दीजवळची आहे.

ग्लास मी खाली ठेवला. पुढे प्यायलो नाही. पण त्या एका घोटाने मनात जे सुरू झालं ते थांबेना. सुरतेला परतल्यावर नर्मद ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. माझ्या भावाच्या वाट्याला पोटली का आली, आणि ही चव का आली नाही, हा प्रश्न मला सोडवायचा होता.

*

आधी त्या काळ्या बिअरचं कूळ बघू. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि वाळवायचे. आपल्या नाचणीच्या सत्त्वाची पहिली पायरी हीच. मोडामुळे दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची सोय होते. ते भरडून गरम पाण्यात कालवलं की गोड पाणी उतरतं. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळतात, आणि निवल्यावर यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं आणि तिचं मद्य करतं. काळी बिअर हवी तर मोडाचे काही दाणे कॉफीसारखे काळे होईपर्यंत भाजतात. असे दाणे जळू न देता भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने घेतलं. त्याआधी लाकडाच्या धगीवर वाळवलेले तपकिरी दाणे वापरत.

ही बिअर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रूढ झाली. तिचं नाव पोर्टर. पोर्टर म्हणजे हमाल. थेम्सच्या धक्क्यावर आणि बाजारात ओझी वाहणाऱ्यांचं ते पेय होतं, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. त्याच पोर्टरच्या दणकट प्रकाराला पुढे स्टाउट म्हणू लागले. हिंदुस्थानात कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजांमधल्या साध्या गोऱ्या सोल्जरांसाठी या पोर्टरची पिंपं जहाजांनी येत. साहेबलोक फिकट बिअर पीत, शिपाई काळी.

हे वाचताना मला पांडेसऱ्याची संध्याकाळ आठवली. तिथले हमालही दिवसभर कापडाचे ताके खांद्यावर वाहतात. लंडनच्या हमालांचं पेय आज पुण्यात चांगल्या पगाराची पोरं चवीने चाखतात, आणि पांडेसऱ्याचा हमाल काय पितो ते पुढे येईलच.

भाच्याच्या धंद्याला आपल्याच मुलखातलं एक नाव चिकटलं आहे, तेही सांगतो. पुण्यात २००९ साली 'डूलाली' नावाची छोटी ब्रुअरी निघाली. देशातल्या या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या ब्रुअरींत तिची गणना होते. डूलाली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. तिथल्या छावणीत मायदेशी जाणारे गोरे शिपाई जहाजाची वाट बघत पडून असायचे, आणि वाट बघून बघून डोकं फिरल्यासारखं वागायचे. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

*

आता मसाला. दारूत मसाला घालणं ही पुण्याच्या पोरांची नवी कल्पना असेल, असं मला वाटलं होतं. ग्रंथालयात समजलं की मसाल्याच्या दारूचा एक जुना दाखला चक्क सुरतेचाच आहे.

इंग्रजांचं 'हेक्टर' जहाज १६०८ साली सुरतेच्या बाऱ्यावर आलं, आणि १६१२-१३ मध्ये त्यांची इथली वखार उभी राहिली. मराठी माणसाला ती वखार आठवते ती १६६४ आणि १६७० मधल्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. पण या वखारीचं रोजचं जीवनही वाचण्यासारखं आहे. १६३८ साली मँडल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन प्रवासी इथे उतरला होता. वखारीतली मंडळी जे पेय घेत त्याचं नाव त्याने 'पालेपुंट्झ' असं लिहून ठेवलं आहे: कडक मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. हेच ते पुढे जगभर गेलेलं पंच. त्याआधी १६३२ साली पूर्व किनाऱ्यावरच्या एका इंग्रजाला लिहिलेल्या पत्रातही पंच हा शब्द आला आहे.

डॉक्टर जॉन फ्रायर हा कंपनीचा वैद्य १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा असा हिंडला. त्याने या नावाचा उलगडा केला. पंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेतले पाच, कारण त्यात जिन्नस पाच. हे पाच साधारणपणे मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे सांगतात. मसाला बहुधा जायफळाचा. त्यासाठी लागणारी उत्तम अर्राक गोव्यात बारदेशातल्या नेरूलला होते, असंही फ्रायर सांगतो. ही माडाच्या सुरेची अर्राक. गोव्यात पहिल्या धारेच्या दारूला आजही हुर्राक म्हणतात. पंच हा शब्द पिंपाच्या एका इंग्रजी नावावरून आला, असा दुसरा पक्षही आहे. पण फ्रायर इथे राहिलेला, इथलं ऐकलेला माणूस. मला त्याचं पटतं.

म्हणजे जी सुरत आज देशभर कोरडं शहर म्हणून ओळखली जाते, तिथे पावणेचारशे वर्षांपूर्वी परदेशी व्यापारी एकत्र बसून मसाल्याचं पेय चवीने घेत होते, आणि त्याचं नाव आपल्या पाचावरून पडलं होतं.

*

परदेशी व्यापाऱ्यांचं ठीक आहे. आपल्या लोकांचं काय?

नवापूर, सोनगड, व्यारा, डांग हा सगळा मोहाचा मुलूख. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. माझ्या लहानपणी गावित, वसावे, मावची घरांतल्या बाया आणि पोरं टोपल्या घेऊन निघायची. फुलं वाळवून ठेवायची. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, आंबवून दारूही करतात. पहिले थेंब जमिनीला, मग देवाला, मग वडीलधाऱ्यांना. जन्म, लग्न, मरण, सण यांचा तो भाग होता. त्यात सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही; पिऊन बायकोला मारणारे तेव्हाही होते. पण काय पितो, कुठल्या फुलाचं, कोणाच्या हातचं, हे पिणाऱ्याला ठाऊक असायचं.

हे मोडलं ते महसुलाने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा ठरलं. सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत दारू गाळायची, तिच्यावर कर लावायचा, विक्रीचा मक्ता द्यायचा आणि लोकांनी दुकानातूनच ती विकत घ्यायची, अशी नवी रीत आली. ताडाच्या झाडांवरही कर बसला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि फुलं साठवण्यावरच बंधनं आली. ज्या फुलांवर उन्हाळ्यात पोट भरायचं, ती घरात ठेवण्याचीही चोरी झाली. दक्षिण गुजरातेत मक्ते बहुतेक पारसी व्यापाऱ्यांकडे होते. आदिवासी माणूस त्यांच्या दुकानात उधारीवर प्यायचा, आणि उधारी फेडता फेडता जमीन जायची.

एका शब्दाची गोष्ट इथेच सांगतो. बेवडा म्हणजे दारूडा, असं आज आपण म्हणतो. मुळात बेवडा हे माणसाचं नाव नव्हे, दारूचं. एकदा गाळलेली ती राशी, दोनदा गाळलेली तो बेवडा. ज्या शब्दाने दारूची प्रत सांगितली जायची, त्याने पुढे पिणाऱ्याची लाज सांगितली जाऊ लागली.

*

मग दारूबंदी आली. ती वरून येण्याआधी खालून आली होती, हे आपल्या सीमेवरच्या लोकांनी विसरू नये.

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून 'देवी' निघाली. अंगात येणाऱ्यांच्या तोंडून ती आज्ञा द्यायची: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. गावोगाव फिरत ती डोंगरांतून सुरत जिल्ह्यात पोहोचली. नोव्हेंबर १९२२ मध्ये वालोड तालुक्यात आदिवासींच्या मोठमोठ्या सभा झाल्या. दारू विकणाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला. पुढे देवीच्या आज्ञांमध्ये गांधीजींचं नाव आणि चरखाही आला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. सोडलेली दारू काहींनी वर्षा-दोन वर्षांत परत धरली, काहींनी कायमची सोडली. आपल्या बाजूला तळोदे तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ मध्ये तसंच वळण दिलं. हजारो भिल्ल आरतीला जमायचे, एकमेकांना 'आप' म्हणायचे आणि दारू सोडायचे. ज्यांना कोणी कधी आदराने हाक मारली नव्हती त्यांनी दारूबरोबर 'अरे-तुरे'ही सोडलं. हे कुठल्या पोलिसाने करवून घेतलं नव्हतं.

१९३० साली दांडीनंतर गांधीजींनी कराडीच्या छावणीतून ताडी देणारी झाडं तोडायला लावली. दारूच्या दुकानांपुढे बायका निदर्शनांना उभ्या राहिल्या. त्यांच्यात पुढे होत्या मिठूबेन पेटिट, आणि त्या पारसी होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

स्वातंत्र्यानंतर ही जनतेची इच्छा कायदा झाली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. तिचे खंदे पुरस्कर्ते, त्या वेळचे गृहमंत्री मोरारजी देसाई, हे आपल्या शेजारच्या वलसाडकडचेच. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगलं तेव्हा दोन्ही वाटेकऱ्यांना कायदा एकच मिळाला. गुजरातने तो कडक ठेवला. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून तो परवान्यांनी सैल करत नेला. माझ्या पुण्यातल्या घोटासाठीही कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो याच १९४९ च्या कायद्याखालचा. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. प्लॅटफॉर्मच्या या टोकाला जे परवान्याने चालतं, ते त्या टोकाला गुन्हा असतं.

*

आता पांडेसरा.

खानदेश, ओरिसा, उत्तर प्रदेश, बिहार. माणसं एकट्याने येतात. एका खोलीत आठ-दहा जण, पाळ्यांनी झोपणारी. बारा तासांची पाळी. बॉयलरची वाफ, ॲसिडचा वास, पायांखाली रंगीत पाणी. माझा भाऊ जेट मशीनवर होता. पाळी सुटली की मागच्या गल्लीत जायचा. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली दारू मिळायची, तिला सगळे पोटली म्हणायचे. ती काय होती, कशाची होती, कोणी गाळली होती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मी एकदा त्याला शोधायला गेलो तेव्हा पाहिलं. त्याने दाताने कोपरा फाडला, नाक दाबलं, एका दमात सगळी घशात ओतली, हातावरचं मीठ चाटलं आणि पिशवी गटारात टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही. कोणी येईल ही भीती, आणि चव सोसत नाही हा त्रास, दोन्हींवर एकच इलाज होता: घाई.

भाऊ हळूहळू गेला, यकृताने. काही जण एका रात्रीत जातात. अशा दारूत कधी नशा वाढवायला, कधी पैसे वाचवायला मिथेनॉल पडतं. पोटात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. ते आधी डोळ्यांची नस जाळतं, मग जीव घेतं. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून जास्त माणसं अशी मेली. त्यानंतर गुजरातने विषारी दारू करणाऱ्यांना फाशीपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. तरीही जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसच्या वर गेले. महाराष्ट्राने नाक वर करू नये. तिथे दारू उघड मिळते, तरी जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त मेले. परवान्याची दारू ज्यांना परवडत नव्हती ते मेले. म्हणजे नुसत्या बंदीने माणूस वाचत नाही आणि नुसत्या परवान्यानेही वाचत नाही.

दारू चालू करा, असं मला म्हणायचं नाही. माझ्या घरातला माणूस गेला आहे. गडचिरोलीच्या बायकांनी लढून १९९३ साली जिल्हा दारूमुक्त करून घेतला, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण १८७८ पासूनची ही सगळी कागदं वाचून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. सरकारने कर लावला तेव्हा गरिबाच्या हातातून फूल गेलं आणि दुकान आलं. सरकारने बंदी केली तेव्हा दुकान गेलं आणि पोटली आली. दोन्ही वेळा त्याला कोणी विचारलं नाही. देवीच्या सभेत आणि गुलाम महाराजांच्या आरतीत मात्र त्याने स्वतः ठरवलं होतं. काय सोडतो आहोत ते त्याला माहीत होतं, कारण त्याची चव त्याला माहीत होती.

*

पुण्याहून परत आलो तेव्हा घोटाचं घरी सांगावं की नाही, हा पेच होता. आई आता नाही. तिची माळ फोटोला लावलेली आहे. वहिनी आमच्याजवळच राहतात. भावामागे त्यांनी साड्यांना टिकल्या लावून दोन मुलं मोठी केली. त्यांच्यापासून लपवणं जमेना. सकाळच्या चहाला सांगून टाकलं. बायको गप्प बसली. वहिनींनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं,

"चव कशी होती?"

मी सांगितलं. भाजलेल्या जवाची, दालचिनीची, जळक्या गुळाची, शेवटी कडू. आईच्या काढ्यासारखी.

त्या जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते तर नाक दाबून प्यायचे, भाऊजी. मी कितीदा विचारलं, आवडतं तरी का? म्हणायचे, आवडायला त्यात आहे काय?"

मग त्यांनी माझा रिकामा कप उचलला आणि त्या आत गेल्या.